घरी परतायची घाई नको

घरात रक्ताचा कॅन्सर निघाला की चार दिवसांत सल्ल्यांची रीघ लागते. कुणी गोव्याला न्या म्हणतं, कुणी मणिपालला, कुणी थेट मुंबईच्या टाटाला. हल्ली त्यात एक नवं नाव ऐकू येतं, कार-टी. आपल्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सर ओळखायला लावायचं आणि परत अंगात सोडायच्या.

ही गोष्ट खरी आहे. अनेकांना गुण येतो, हेही खरं. पण त्यापुढचे दिवस कुणी सांगत नाही. पेशी परत घातल्या की उपचार संपला, असं लोकांना वाटतं. खरं तर जपायचे दिवस तिथूनच सुरू होतात. आणि आपण जोयडा तालुक्यातल्या गुंदला राहतो. रात्री-अपरात्री माणूस अत्यवस्थ झाला तर जंगलातल्या रस्त्याने दांडेली गाठेपर्यंत काय जीव टांगणीला लागतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून हे चार शब्द.

आधी एक गोष्ट पक्की करा. तुमच्या माणसाचा आजार या उपचारात बसतो का?

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशींच्या अनेक जाती असतात. त्यातल्या बी पेशी बिघडून भलत्याच वाढू लागल्या की काही प्रकारचे ल्युकेमिया आणि लिम्फोमा होतात. या बी पेशींच्या अंगावर सीडी-१९ नावाची एक खूण असते. कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचीच आणखी एक जात, काढून त्यांच्यात एक नवा जनुक घालतात. मग त्या ही खूण ओळखतात आणि तशी पेशी दिसली की तिला मारतात. जनुक आत न्यायला एक विषाणू वापरतात. तो आधी निकामी केलेला असतो, त्याच्यापासून आजार होत नाही. पण हा विषाणू लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

म्हणजे हा उपचार ठरावीक आजारांचा आहे. पान-तंबाखूने होणारा तोंडाचा कॅन्सर, बायकांचा स्तनाचा किंवा गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर यांवर आपल्याकडे आज हा उपचार नाही. कुणी 'प्रतिकारशक्तीच्या पेशी टोचतो, कुठलाही कॅन्सर बरा करतो' म्हणाला तर तिथून उठा. पैसे देऊन बसला असाल तरी उठा.

शिवाय हा पहिला उपचार नव्हे. केमो देऊन झाली, आजार हटला नाही किंवा परत उलटला, तर याचा विचार करतात. पहिल्याच खेपेला डॉक्टर केमो सांगत असतील तर 'मुंबईला नवं औषध आलंय' म्हणून ती अर्धवट सोडू नका. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये साध्या केमोनेच रुग्ण पूर्ण बरा होतो.

आपल्या देशात हा उपचार कसा आला, तेही थोडं सांगतो, कारण त्यावरून कुठे विचारायचं ते कळेल. पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत या पेशी तयार करायचं काम झालं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी त्या रुग्णांना दिल्या. पहिला रुग्ण जून २०२१ मध्ये, टाटाच्याच खारघरच्या केंद्रात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारची परवानगी मिळाली. ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचं लोकार्पण केलं. नाव नेक्सकार-१९, बनवणारी कंपनी इम्युनोॲक्ट. पंधरा वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी तो मंजूर आहे. जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या इम्युनील कंपनीने कार्टेमी नावाचा दुसरा उपचार आणला, मोठ्या माणसांच्या लिम्फोमासाठी. म्हणजे आपल्या कर्नाटकातही विचारपूस करता येईल. मुंबईच हवी असा हट्ट नको.

गुण किती येतो? टाटाच्या चाचणीत ज्यांचा निकाल तपासता आला त्या ५१ रुग्णांपैकी ७३ टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. बाकी सगळे उपाय थकलेले हे रुग्ण होते, म्हणून हा आकडा मोठा. पण प्रतिसाद मिळालेल्यांतही काहींचा आजार पुढे परत आला. आणि त्या चाचणीत दोघे उपचाराच्या त्रासानेच दगावले. डॉक्टरांना सरळ विचारा, 'आमच्या माणसाला गुण येण्याची आशा किती, आणि नाही आला तर पुढे काय?' असं विचारल्याने कुठलाही चांगला डॉक्टर रागावत नाही.

आता पैसा. अमेरिकेत २०१७ मध्ये पहिला असा उपचार आला तेव्हा नुसत्या औषधाची किंमत ४,७५,००० डॉलर होती. आपल्याकडे त्या मानाने फार स्वस्त. तरीही कित्येक लाखांचा मामला आहे. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, तेवढ्यात हे बसत नाही.

म्हणून सुपारीची बाग विकायला काढण्याआधी दवाखान्याकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्या. त्यात पेशी बनवण्याचा खर्च वेगळा, दवाखान्यातल्या दिवसांचा वेगळा, आयसीयू लागलं तर वेगळा, असा तपशील मागा. अजून एक विचारा, जे सहसा कुणी विचारत नाही. कधी कधी काढलेल्या पेशी कारखान्यात नीट वाढतच नाहीत. तसं झालं तर भरलेल्या पैशांचं काय?

मोठ्या दवाखान्यात समाजसेवकांचा विभाग असतो. ट्रस्ट, सरकारी मदतनिधी, कंपन्यांच्या देणग्या, कुठे अर्ज करायचा ते त्यांना ठाऊक असतं. लाजू नका. पहिल्याच दिवशी त्यांच्या टेबलासमोर जाऊन बसा. गावात वर्गणी काढायची असेल तर ती अंदाजपत्रक हातात आल्यावर काढा, आणि हिशेब वहीत ठेवा.

प्रवासाचा खर्च कमी होतो, तेवढं घ्याच. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री-टियर एसीचं तिकीट माफ असतं. सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. दवाखान्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. कारवारहून कोकण रेल्वेने पनवेलला उतरलात की खारघर जवळ पडतं. फक्त पावसाळ्यात अणशी घाटाचं काय चाललंय ते बघून निघा.

उपचार पुढे कसा होतो, ते थोडक्यात सांगतो.

एका दिवशी यंत्राला जोडून रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात. काही तास लागतात, बाकी रक्त परत शरीरात जातं. फार दुखत नाही. त्या पेशी प्रयोगशाळेत जातात आणि तयार होऊन यायला काही आठवडे जाऊ शकतात. मधल्या काळात आजार दाबून ठेवायला औषधं देतात. पेशी आल्या की आधी साधारण तीन दिवस हलकी केमो देतात, नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून. मग एक छोटी पिशवी सलाइनसारखी लावतात. ती थोड्याच वेळात संपते.

नातेवाईक पेढे आणायला धावतात ते इथेच. थांबा.

या पेशी अंगात गेल्या की वाढतात आणि कॅन्सरच्या पेशींवर तुटून पडतात. त्या झटापटीत शरीरात दाह उसळतो. बागेतला पालापाचोळा जाळायला आग लावावी आणि वारं सुटून ती कुंपणापर्यंत यावी, तसं. पहिली खूण म्हणजे ताप. बहुतेकांना पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात येतो. काहींचं तापावरच निभावतं. काहींचा रक्तदाब उतरतो, धाप लागते, आयसीयूत न्यावं लागतं.

याच्यावर औषध आहे, आणि ते सापडलं त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला एमिली व्हाइटहेड नावाच्या मुलीला या पेशी दिल्या. सात वर्षांचीही पुरती झाली नव्हती. पेशी घातल्या आणि ती इतकी तापली, की कृत्रिम श्वासावर ठेवावी लागली. वाचेल असं कुणाला वाटत नव्हतं. तिच्या रक्तात दाहाचा एक पदार्थ फार वाढलेला दिसला. त्या पदार्थाला अडवणारं औषध संधिवातासाठी बाजारात होतं. ज्यांनी या पेशी घडवल्या त्या डॉक्टर कार्ल जून यांच्या मुलीला संधिवात होता, म्हणून त्यांना ते ठाऊक होतं. ते दिलं आणि मुलगी सावरली, कॅन्सरही गेला. तेच टोसिलिझुमॅब आज कार-टी देणाऱ्या दवाखान्यात हाताशी ठेवतात. गरज पडली तर स्टेरॉइडही देतात.

म्हणजे ताप आला की घाबरायचं नाही, पण लपवायचाही नाही. 'उगाच आणखी चार दिवस ठेवून घेतील' म्हणून अंग गरम असताना बरं वाटतंय असं सांगणारी माणसं असतात. तसं करू नका. विचारल्याशिवाय क्रोसिनसुद्धा देऊ नका. त्याने ताप दबतो आणि डॉक्टरांना कळायचं ते कळत नाही. गावाकडचा काढा, मुळी, पाला, काहीही या दिवसांत नको. काढा वाईट म्हणून नव्हे, तर त्रास कशाने झाला ते ओळखायला अडचण होते म्हणून.

दुसरा त्रास डोक्याचा. काहींना या काळात भ्रम होतो, शब्द सापडत नाहीत, हात थरथरतो, क्वचित झटका येतो. बहुतेकांचा तो काही दिवसांत उतरतो. पण वेळीच ओळखावा लागतो, आणि इथे घरच्या माणसाचा उपयोग डॉक्टरांइतकाच.

दवाखान्यात रोज काही साधे प्रश्न विचारतात. साल कोणतं, महिना कोणता, गाव कोणतं, आपण कुठल्या दवाखान्यात आहोत. तीन वस्तू दाखवून नावं विचारतात. सांगितलेली एखादी कृती करायला लावतात. शंभरापासून दहा-दहा कमी करत मोजायला सांगतात. आणि रोज एक वाक्य लिहून घेतात. कालचं अक्षर सरळ होतं आणि आज तेच वाक्य ओळ सोडून खाली घसरलं, शब्द एकमेकांवर चढले, तर रुग्ण 'मी ठीक आहे' म्हणत असला तरी डॉक्टर सावध होतात.

आता आपली अडचण बघा. आपली माणसं घरात कोकणी बोलतात, शाळा मराठीत झालेली किंवा कन्नडमध्ये, आणि समोरची नर्स हिंदी नाहीतर इंग्रजीत विचारणार. आजीने उत्तर दिलं नाही तर ते आजाराने की भाषा न कळल्याने? हे आधीच मिटवा. दाखल होताना सांगा, की हे प्रश्न यांना अमुक भाषेत विचारा. वाक्य ज्या लिपीत त्यांचा हात बसलाय त्याच लिपीत लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर तेही पहिल्याच दिवशी सांगा. आणि सोबत राहणारा माणूस असा निवडा, ज्याला रुग्णाचं रोजचं बोलणं माहीत आहे. पाळीपाळीने दर दोन दिवसांनी नवा पाहुणा पाठवू नका.

तिसरा त्रास रक्त कमी होण्याचा. टाटाच्या चाचणीत जवळजवळ सगळ्यांच्याच जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. काहींना हे आठवडेच्या आठवडे चालतं. रक्त, प्लेटलेट चढवावे लागतात. चढवायचं रक्त विकिरण देऊन घ्यावं लागतं, तसं कागदावर लिहून घ्या. पुढे हुबळीला किंवा बेळगावला रक्त घ्यायची वेळ आली तर तो कागद दाखवा.

आता मुख्य मुद्दा. दवाखान्यातून सोडलं म्हणजे गुंदला परतायचं असं नाही.

पेशी दिल्यापासून साधारण महिनाभर दवाखान्याच्या आसपास राहायची तयारी ठेवा. अमेरिकेत २०२५ मध्ये ही मुदत चार आठवड्यांवरून दोन आठवड्यांवर आणली. पण तिकडे घरापासून दवाखान्यापर्यंत हमरस्ता असतो आणि फोन लागतो. आपल्याकडे पावसात झाड पडलं की रस्ता बंद, आणि रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं. आपण जुन्याच हिशेबाने चालावं, असं माझं मत आहे. शेवटचा शब्द अर्थात तुमच्या डॉक्टरांचा.

दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी पुष्कळ कॅन्सर रुग्णांना आधार दिला आहे. पण उपचार खारघरला असेल तर तिथून रोज ये-जा झेपणार नाही. दवाखान्याजवळच एक स्वच्छ खोली बघा. रुग्णाला दहा जणांच्या हॉलमध्ये ठेवू नका. या महिन्याचं भाडं पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. पैसे संपले म्हणून तिसऱ्या आठवड्यात गाडीत बसायची वेळ येऊ नये.

घरी आल्यावरही काही महिने सांभाळायचं आहे.

पाणी उकळूनच. डोंगरातून पाइपने आलेलं झऱ्याचं पाणी आपल्याला कितीही गोड लागलं तरी. शेणाचं, मातीचं काम नको. सुपारी सोलायला बसू नये, बुरशी आलेल्या सालींची धूळ छातीत जाते. जत्रा, लग्नाची पंगत, भरलेली बस टाळा. मोटारसायकल आणि गाडी डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. भेटायला येणाऱ्यांना ओसरीवरूनच नमस्कार करायला सांगा, कुणाला राग आला तर येऊ दे.

या पेशी चांगल्या बी पेशीही मारतात, कारण खूण त्यांच्या अंगावरही तीच. त्यामुळे शरीराला जंतूंशी लढायला लागणारी प्रथिने कमी बनतात. सर्दी छातीत उतरते, जुलाब लांबतात. काहींना त्यासाठी महागडं इंजेक्शन घ्यावं लागतं. तो खर्चही आधी विचारून ठेवा. लस कोणती घ्यायची, कधी घ्यायची, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. शिबिर लागलं म्हणून घेऊ नका.

आता तो विषाणू. जनुक न्यायला वापरलेला निकामी विषाणू एचआयव्हीच्या कुळातून घडवलेला असतो. त्यामुळे एचआयव्हीच्या काही खास तपासण्या चुकून 'आहे' असं दाखवू शकतात. त्याचा अर्थ एचआयव्ही झाला असा नाही. पण आपल्या भागात असा एक कागद फुटला तर घराची काय अवस्था होईल, विचार करा. म्हणून कुठेही रक्त तपासायला देताना आधी सांगा, की यांना कार-टी दिलेलं आहे. दवाखाना तसं कार्ड देतो. ते पाकिटात ठेवा, एक झेरॉक्स घरात ठेवा. या माणसाने पुढे कधी रक्तदानही करायचं नाही.

रुग्ण तरुण असेल तर केमोच्या आधी मूल होण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. वीर्य किंवा बीज राखून ठेवता येतं. उपचार सुरू झाल्यावर ती वेळ गेलेली असते. घरातल्या मोठ्यांनी हा विषय काढावा, पोरं स्वतः काढत नाहीत.

क्वचित काहींना पुढे दुसराच रक्ताचा कॅन्सर झाल्याचं दिसलं, म्हणून अमेरिकेच्या औषध खात्याने जानेवारी २०२४ मध्ये या औषधांवर तसा इशारा छापायला लावला. हे फार थोड्यांना होतं. पण म्हणूनच तपासणीच्या तारखा चुकवायच्या नाहीत. लावणी आली, सुपारीचा हंगाम आला, तरी नाही.

आता एवढं आजच करा. घरात चांगला थर्मामीटर आणा आणि तो दोघांना तरी बघता आला पाहिजे. एका वहीत सकाळ-संध्याकाळचा ताप लिहा. त्याच वहीच्या पहिल्या पानावर उपचार करणाऱ्या दवाखान्याचा चोवीस तासांचा नंबर, जोयड्याच्या सरकारी दवाखान्याचा नंबर, १०८ आणि गाडीवाल्या शेजाऱ्याचा नंबर मोठ्या अक्षरात लिहा. घरात कुठल्या कोपऱ्यात रेंज येते ते सगळ्यांना ठाऊक असू द्या. आणि ताप १००.४ च्या वर गेला, बोलणं अडखळलं, धाप लागली, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. रात्री दोन वाजले असले तरी आधी फोन करा.